मानधन द्या, पण मोजमापही करा

कलेने माणसाला बरे वाटते हे सांगायला सरकारी अभ्यास कशाला, असे विचारले जाते. आयर्लंडचे उदाहरण पाहावे. तेथील सरकारने 2022 मध्ये 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. खरी मेख निवडीत आहे. पात्र अर्जदारांतून थेट सोडत काढली. गुणवत्ता, शिफारस, वय काहीच पाहिले नाही. सोडतीत नाव न आलेल्या सुमारे हजार जणांचा तुलना-गट केला आणि दोन्ही गटांकडून ठरावीक काळाने एकच प्रश्नावली भरून घेतली: कलेला किती तास, मिळकत किती, चिंता आणि नैराश्य किती.

तुलना-गटाला काहीच मिळत नसेल तर तो प्रश्नावली भरणे सोडतो आणि अभ्यास लंगडा पडतो. म्हणून त्यांनाही थोडा मोबदला दिला गेला. हे शहाणपण आपल्याकडे क्वचित दिसते.

या प्रयोगावर खर्च केलेल्या एका युरोमागे समाजाला 1.39 युरोचा लाभ झाला, हा त्यातून निघालेला आकडा मात्र जपून वाचावा. त्यातला मोठा भाग मानसिक स्वास्थ्याला पैशांत दिलेली किंमत आहे. तिजोरीत परत आलेली रक्कम नव्हे.

महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळते. नव्या लाभार्थ्यांकडून पहिला हप्ता जमा होण्याआधीच अशी दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी. नंतर घेतली तर 'आधी कसे होते' हे केवळ आठवणीवर सांगितले जाते, आणि हप्ता चालू असताना तक्रार कोण करणार?

– एक वाचक, सातारा