परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : इराणचा अणुकरार मोडला गेला तेव्हा भारत का बोलला नाही?

दि. २ ऑक्टोबर २०२५

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या रविवारी, २८ सप्टेंबरला, इराणवरचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पुन्हा लागू झाले आणि दुसऱ्याच दिवशी इराणमधल्या चाबहार बंदराला अमेरिकेने स्वतःच्या निर्बंधांतून दिलेली सूटही संपली. १३ मे २०२४ रोजी याच बंदरासाठी आपल्या सरकारने दहा वर्षांचा करार केला होता. त्याला दीड वर्षही झालेले नाही.

मी रत्नागिरीजवळच्या गावातला निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा तेलवाहू जहाजावर इंजिनियर आहे. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला, तेव्हा त्याचे जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी होते. नऊ दिवस त्याचा फोन नाही. रात्री दोन-दोन वाजता मी मोबाइलच्या नकाशावर त्याच्या जहाजाचा ठिपका शोधत असे, आणि त्या भागात उपग्रहाचे संकेत जॅम केले जात असल्याने तो ठिपका कधी समुद्रात, तर कधी चक्क इराणच्या जमिनीवर दिसे. ज्या एजंटाने त्याला जहाजावर पाठवले, त्याच्या कार्यालयाने आम्हाला टीव्ही पाहायला सांगितले. त्या नऊ दिवसांत हिच्या पोटात धड अन्न गेले नाही. हे कोणत्या खात्याच्या नोंदीत येते?

आणि हे सारे घडले कधी? अमेरिका आणि इराण यांच्या अणुकार्यक्रमावरील चर्चेची सहावी फेरी १५ जूनला मस्कतमध्ये ठरलेली असताना, अवघे दोन दिवस आधी. २२ जूनला तर चर्चेला बसणाऱ्या अमेरिकेनेच फोर्दो, नतांझ आणि इस्फहान या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले.

अमेरिकेसह बड्या देशांशी झालेल्या १४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना अणुकरारात इराणने युरेनियमचे समृद्धीकरण (जे फार वाढवले तर बॉम्बसाठी वापरता येते) ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर ठेवण्याचे मान्य केले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तो पाळला जात असल्याचे वारंवार सांगत होते, तरी ८ मे २०१८ रोजी अमेरिका त्यातून बाहेर पडली. त्यानंतर इराणने मर्यादा ओलांडल्या आणि २०२१ पासून ६० टक्क्यांपर्यंत मजल मारली. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण करार आधी कोणी मोडला, हे सांगायला कोणाची परवानगी लागते? मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपताच आपण इराणचे तेल घेणे थांबवले. सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्नात, याच अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत, इराणविरुद्ध हात वर करायला मात्र आपल्याला वेळ लागला नव्हता, आणि तेही अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वतः सही न करता. सरकारे बदलली, पण मोठ्यांची मर्जी सांभाळण्याची रीत बदलली नाही.

सुरक्षा परिषदेत कायम नकाराधिकार बाळगणारे पाचही देश अण्वस्त्रधारी आहेत. ते नियम करतात, तेच मोडतात आणि शिक्षा इतरांना होते. या व्यवस्थेत आम्हाला जागा हवी म्हणून तुम्ही दरवर्षी भाषणे करता. मग तिचा अन्याय समोर घडत असताना गप्प का बसता?

माझ्या मागण्या दोनच आहेत. निरीक्षकांना इराणमध्ये पुन्हा पूर्ण प्रवेश आणि हल्ल्याविना चर्चा, ही भारताची भूमिका व्हिएन्नात नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत मांडा. आणि आखातात अडकलेल्या खलाशांच्या घरच्यांना उत्तर देणारा एक माणूस, रात्रीही फोन उचलणारा, नेमा. नोव्हेंबरमध्ये माझा मुलगा पुन्हा त्याच मार्गावर जाणार आहे.

एका खलाशाचा बाप