काका, हलगी परत आली

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही. मालाडच्या त्या खोलीत जे कोणी एकदा येऊन बसले असतील, ते चौथ्या ओळीत ओळखतील. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला शिकवलंत ते घरातल्या एका लॅपटॉपवर रात्री ठेका बांधत बसलेल्या कितीतरी मुलामुलींना हवं आहे. आणि तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पार खचले होते. नानांची हलगी घेऊन इलेक्ट्रॉनिक गाणं करायचं हे माझं दोन वर्षांचं स्वप्न. आमच्या घरात हलगी आजोबांच्याही आधीपासून आहे. नाना शेकोटीजवळ बसून ती शेकत, बोटाने टिचकी मारून कान लावत, मग पुन्हा शेकत. त्या तापलेल्या कातड्याचा वास आला की कुठेतरी काहीतरी सुरू होणार, हे आम्हा पोरांना कळायचं. ती मी शेडमध्ये रेकॉर्ड केली. एक माइक पुढे, एक मागे. पुढचा डावीकडे टाकला, मागचा उजवीकडे. हेडफोनवर हलगी अशी भव्य वाटायची, जणू मीच तिच्या आत बसले आहे. खाली ८०८ या ड्रम मशीनची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा जाड ठोका, त्याखाली बास. गाणं झालं असं वाटलं.

मग गावाकडच्या एका कार्यक्रमात ते वाजवलं. नाना पहिल्या रांगेत. साउंडवाल्याने दोन्ही बाजूंना एकच सिग्नल दिला होता, म्हणजे मोनो. तसंच देतात, मैदानात दुसरं काय करणार. गाणं सुरू झालं आणि हलगीच्या जागी नुसती टिकटिक आली. कातडं नाही, गाभा नाही, काहीच नाही. कार्यक्रम संपल्यावर नाना रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आगं, हलगी कुठं गेली?" ते वाक्य मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होते.

तुमचा नंबर एका ढोलकीवाल्या दादांनी दिला. मी फाइल पाठवली, उत्तराची आशा नव्हती. रात्री अकराला तुमचा फोन. ना ओळख, ना विचारपूस. "हलगीला दोन माइक लावलेस ना? पुढे एक, मागे एक?" मी हो म्हटलं. "मागच्याची पोलॅरिटी उलटी कर आणि सगळं मोनोमध्ये ऐक. मी थांबतो." तुम्ही खरंच फोनवर थांबलात. मी ते बटण दाबलं, आणि हलगी परत आली. फोन हातात धरून मी रडले, ते तुम्हाला ऐकू गेलंच असणार.

याचं कारण तुम्ही नंतर कागदावर काढून दाखवलंत. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढून टिपरू, म्हणजे हलगीची काठी, बसलं की कातडं पुढच्या माइकपासून दूर जातं आणि त्याच क्षणी मागच्या माइककडे येतं. म्हणजे एका माइकची लहर वर चढत असते तेव्हा दुसऱ्याची खाली उतरत असते. डावीउजवीकडे वेगळ्या ठेवल्या की प्रत्येक कानाला आपापली लहर मिळते, म्हणून हेडफोनवर काही कळत नाही. दोन्ही एकत्र आल्या की चढ आणि उतार एकमेकांना खातात. खालचा जाडसर आवाज आधी जातो, वरची काडीची टिकटिक उरते. पोलॅरिटी उलटी केली की मागच्या माइकचा उतार चढ होतो, आणि दोन्ही लहरी जुळतात. स्नेअर ड्रमला वर आणि खाली माइक लावणारे हे जाणतात. हलगीबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने मी मुंबईला आले. रात्रभर झोप नव्हती. सगळी लेयर, सगळे इफेक्ट तुम्हाला दाखवायचे होते. तुम्ही चहा ठेवलात आणि सगळे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या, खाली ओढलेत. चाळीस ट्रॅक, सगळे शांत. "आता किक वर आण. फक्त किक." मग बास. दोनच आवाज, आणि त्यात सुद्धा घोंघावणं होतं. माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं, कारण मी ते कायम अडतीस ट्रॅकखाली झाकून ऐकत होते.

गाणं पांढरी पाचमध्ये. बासचा खालचा सा म्हणजे ४९ हर्ट्झ. माझी किक होती ५५ हर्ट्झवर, म्हणजे पांढरी सहाला. तुम्ही बोटाने टेबलावर मोजून दाखवलंत: पंचावन्नातून एकोणपन्नास गेले सहा, म्हणून सेकंदाला सहा वेळा आवाज फुगतो आणि बसतो. तबलजी तबला गाणाऱ्याच्या सुरात मिळवून घेतो, मग किक का नाही मिळवायची? एवढंच विचारलंत. किक दोन अर्धस्वर खाली घेतली आणि घोंघावणं थांबलं. मग ८०८ ची ती लांबलेली शेपटी आखडती घेतलीत. उरलं होतं तिथे किक वाजली की बास क्षणभर दबेल असा साइडचेन, तोही अगदी हलका. मी आधी साइडचेन इतका खोल लावला होता की बास धापा टाकायचा.

मोबाइलवर हे काहीच ऐकू येणार नाही, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही खूश झालात. फोनच्या स्पीकरमधून ४९ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. तुम्ही किकवर थोडं सॅच्युरेशन दिलंत, म्हणजे आवाज जरासा खरखरीत केलात. त्याने ९८, १४७ असे वरचे पट उमटले, आणि फोनवरही कान खालचा स्वर आपणच भरून घेऊ लागला. मी फोन कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत होते. कानाने स्वतः पुरवलेला स्वर ऐकण्याचा तो आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राचा, धडा छोटा होता, पण तो मी रोज वापरते. माझा अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ, १ मिलिसेकंदावर होता. "टिपरूचा घावच कापलास की," म्हणालात. अटॅक २५ वर नेला, घाव सुटून बाहेर आला, मागचा नाद तेवढा आवरला. आणि रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेळ, असा, की पुढच्या घावाआधी सुई जागेवर आली पाहिजे. मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत सोळाव्या भागाला, म्हणजे पाव ठोक्याला, १५० मिलिसेकंद मिळतात, त्यात बसव.

पण तुमचं खरं ऋण मिक्सिंगचं नाही, ठेक्याचं आहे.

माझे सगळे ठोके ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या वेळेच्या रेषांवर, ठोकून बसवलेले होते. क्वांटाइझ, म्हणजे रेषेवर ओढणं, शंभर टक्के; व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, सगळीकडे १००. तुम्ही माउस बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "केरवा तोंडाने म्हण." मला लाज वाटली. आठ मात्रांचा तो ठेका तुम्ही स्वतः सुरू केलात: धा गे न ती, न क धि न. मग मी म्हटलं. ते तुम्ही माझ्याच फोनवर रेकॉर्ड करून घेतलंत आणि ती पट्टी ग्रिडखाली टाकलीत. तिथे दिसलं. माझा "धा" रेषेवर अचूक होता. "न क" रेषेच्या मागे रेंगाळत होते, कधी ८ मिलिसेकंद, कधी १२. "धि" मात्र घाईने रेषेच्या आधी आला होता. आणि आवाजाची उंची तर दर बोलाला निराळी. आठ मात्रांत दोन बोल सारखे नव्हते. "हे तुला येतंच आहे," तुम्ही म्हणालात. "मशीनला का सांगत नाहीस?"

त्या दिवशी दुपारभर आपण एकच आवर्तन बसवलं. एका मात्रेचे ९६० टिक, म्हणजे शंभरच्या लयीत १० मिलिसेकंदांसाठी १६ टिक. एकेक ठोका हाताने सरकवायचा, डोळे मिटून ऐकायचा, परत सरकवायचा. जोर "धा" ला ११८, "गे" ला ६०, पाचव्या मात्रेच्या "न" ला ७४, आणि "क" ला फक्त ३१, जेमतेम स्पर्श. तो ३१ चा ठोका वेगळा असा ऐकू येत नाही. पण तुम्ही तो म्यूट करून दाखवलात तेव्हा अख्खा ठेका लंगडला.

ठेक्याला झोल देणारं स्विंगचं बटण का नाही वापरायचं, असं मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही रॉजर लिन यांची गोष्ट सांगितलीत. १९८० मध्ये त्यांनी एलएम-१ हे ड्रम मशीन आणलं, खऱ्या ड्रमचे नमुने वाजवणारं, आणि त्यातच दर दुसरा सोळावा भाग मागे ढकलण्याची सोय दिली. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास तीन सारख्या भागांचा (ट्रिप्लेटचा) झोल. हाउस, हिप-हॉपला ते शोभून दिसतं, कारण तिथे झोल बहुधा सगळीकडे सारखा असतो. केरव्यात "न क" मागे राहतात आणि "धि" पुढे पळतो. एकच बटण हे दोन्ही कसं करणार?

तुम्ही ऑक्टोपॅडवर कसे आलात तेही त्याच दुपारी कळलं. त्या दिवसांत एका रेकॉर्डिंगला खोलीभर तालवाले असायचे: ढोलक, तबला, कोंगो, बोंगो, डफ, मंजिऱ्या. मग ही आठ चौकोनांची पेटी आली. तुम्ही म्हणालात, "या पेटीने चार जणांचं काम घेतलं. म्हणून ते चार जण कसे वाजवायचे हे मला माहीत असायलाच हवं." त्यांतल्या एकेकाची लकब तुम्ही हाताने करून दाखवलीत. एक जण समेच्या आधी कसा खांदा उचलायचा. दुसरा गाणं उतरणीला लागलं की डाव्या हाताचा जोर कसा वाढवायचा. ती माणसं मला कधी भेटणार नाहीत, पण त्यांतल्या दोघांचे हात आता माझ्या प्रोजेक्टमध्ये आहेत.

आणि ८०८ परदेशी वाद्य म्हणून मी जरा अंग चोरून वापरत होते, तर तुम्ही वादक चरणजित सिंग यांचं काम ऐकवलंत. १९८२, हीच मुंबई. रोलँडचं टीआर-८०८, सोबत टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, आणि त्यावर राग. त्या काळी फारसं कोणी ऐकलं नाही. जगाचे कान तिकडे वळायला २०१० उजाडलं. ८०८ मध्ये रेकॉर्ड केलेला एकही ड्रम नाही, सगळे आवाज सर्किटमधून निघतात, ते १९८३ लाच बनायचं थांबलं. तरी त्याची किक आज गावच्या मिरवणुकीपर्यंत पोचली आहे. हे ऐकल्यावर नानांची हलगी आणि ८०८ एकत्र ठेवताना माझा हात अडखळला नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. निघताना तुम्ही हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमच्या झांजांचा, ट्रॅक माझ्याकडे सरकवलात. "माझ्या कानाला आता दहा हजार हर्ट्झच्या वरचं येत नाही. वयाने जातं ते. खालचं मला विचार. वरचं तू ठरव, आणि मला सांग काय ठरवलंस." चाळीस वर्षं या कामात काढलेला माणूस आपल्या कानात काय उरलं नाही हे इतक्या साधेपणाने सांगतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या गाडीत मी तेवढंच आठवत होते.

मागच्या रविवारी नानांना नवं मिक्स ऐकवलं. हेडफोन दिला नाही. ओसरीवर एकच स्पीकर ठेवला. पहिलं आवर्तन संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी "क" वर मान हलवली. त्या ३१ च्या ठोक्यावर, काका.

फाइल पाठवली आहे. किक आणि बास ४९ वर बसवलेत, खालचं तुम्ही बघा, कुठे चिखल झाला असेल तर सांगा. वरचं मी ठरवलंय: हाय-हॅट दीड डीबी खाली घेतला, कारण तो नानांच्या बारीक काडीवर चढत होता. आता काडी स्वच्छ ऐकू येते. तुम्हाला ती पूर्ण ऐकू येणार नाही म्हणून लिहून कळवते आहे: कोरडी आहे, जराशी उजवीकडे, आणि प्रत्येक "धि" ला रेषेच्या आधी येते.

तुमची,
मिरजेहून आलेली विद्यार्थिनी