सॅनेटोरियमनंतर पुढे काय?

महोदय,

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे कौतुक आपल्याकडे हमखास १९४८ पासून, म्हणजे ती सेवा स्थापन झाली तेव्हापासूनच, सुरू होते. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे तिथल्या कौन्सिलांनी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांनी, जे केले, ते बाजूलाच राहते. क्षयरोगाच्या उपचारांची जबाबदारी १९२१ च्या कायद्याने काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांवर आली. लंडनमधले बर्मंडसी म्हणजे गोदी कामगारांची दाटीवाटीची वस्ती. तिथल्या कौन्सिलने १९२६ मध्ये क्षयरुग्णांसाठी सूर्यकिरण उपचार केंद्र काढले. शिवाय आरोग्य खात्याची मोटार गल्लोगल्ली फिरून रस्त्यावरच चित्रपट दाखवायची, आणि विजेची तार थेट दिव्याच्या खांबाला जोडायची!

खरा पेच पेशंट घरी परतल्यावरचा. सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या आरोग्यधामात, चार-सहा किलो वजन वाढवायचे आणि पुन्हा त्याच कोंदट खोलीत, त्याच अंगमेहनतीच्या कामावर जायचे, दुखणे उलटणारच. केंब्रिजजवळच्या पॅपवर्थमध्ये डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी १९१८ पासून यावर वसाहतच उभारली. रुग्णाला बायकापोरांसह घर आणि झेपेल तेवढेच काम. तिथल्या कारखान्यांत ट्रंका आणि फर्निचर बनत असे. आजाऱ्याला दया नको, पगार हवा, हे या माणसाने ओळखले होते. पण अशी घरे मोजक्यांच्याच वाट्याला आली. अनेक ठिकाणी घरी परतलेल्यांची काळजी घेणाऱ्या समित्या देणग्यांवरच तगून होत्या. थोडक्यात, पेशंटच्या घरी दूध-अंडी पोचणार की नाही, हे गावातल्या दानशूरांच्या मर्जीवर.

– एक वाचक, पुणे