खोली बदलली की तालुका बदलतो, शाळा मात्र सुटते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतले खड्डे, वाहतूक कोंडी आणि कचरा यांवर आपल्या दैनिकात वरचेवर छापून येतं, ते योग्यच आहे. त्याच परिसरातल्या भाड्याच्या खोल्या आणि शाळा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेला आणि बजाजनगरात राहणारा मी एक मुख्याध्यापक. या विषयावर चार गोष्टी मांडतो.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि जालना, बीड, परभणी, हिंगोलीची माणसं इथं आली. आता उत्तर प्रदेश-बिहारचीही आहेत. रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी आणि पंढरपूर ही तीन गावं २०११च्या जनगणनेने शहरांत मोजली, पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. बरं, तेही एका पंचायत समितीखाली नाही. रांजणगाव, जोगेश्वरी, वाळूज गंगापूर तालुक्यात, तर वडगाव कोल्हाटी-बजाजनगर आणि पंढरपूर छत्रपती संभाजीनगर तालुक्यात. गुन्हा घडला तर आम्ही शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. पोलिसांच्या लेखी शहर, शिक्षण खात्याच्या लेखी गाव, असा आमचा दुहेरी दर्जा आहे.

यात मुलं कशी अडकतात ते सांगतो. इथले बरेच कामगार ठेक्यावर आहेत. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, म्हणजे काम थांबतं, मग दुसरा ठेकेदार, दुसरं गेट. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीचं भाडं कुठेही तेवढंच, रोजचं रिक्षाभाडं मात्र वाचवता येतं, म्हणून माणूस कामाजवळ खोली घेतो. बजाजनगरातून रांजणगावात जायचं तर सगळा संसार एका छोट्या हत्ती टेम्पोत मावतो. पण तेवढ्या अंतरात गटशिक्षणाधिकारी बदलतात, केंद्रप्रमुख बदलतात, अंगणवाडीचा प्रकल्प बदलतो, ग्रामसेवक बदलतात. जुनी शाळा म्हणते, पालक शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेच नाहीत. नवी शाळा म्हणते, पोर्टलवर मूल अजून जुन्या शाळेच्याच नावावर दिसतंय. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार, हे ठरतं, त्यामुळे सोडणाऱ्या शाळेलाही नाव कमी करायची घाई नसते. (यात शिक्षकांना दोष देत नाही. एका नावावर एक पद अवलंबून असेल तर कुणीही असंच वागेल.) मधल्या काळात मूल धाकट्या भावंडाला सांभाळत खोलीवर बसतं, कारण आईची सेकंड शिफ्ट असते आणि परिसरात परवडणारं पाळणाघर सापडत नाही.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणाऱ्या मुलाचा प्रवेश दाखला उशिरा आला म्हणून अडवता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. पण एकाच वस्तीत अशी दोन-तीन प्राधिकरणं असली की मूल नेमकं कोणाचं, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो शेजाऱ्यांनी एकत्र बसूनच सोडवावा लागतो.

आणि याचा नमुना आपल्याच मराठवाड्यात आहे. बीडमधली मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघतात, तेव्हा मूळ शाळा त्यांना शिक्षण हमी कार्ड देते. कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचं आणि हंगाम संपल्यावर मूल परत यायचं, अशी ती पद्धत. जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. या योजनांत उणिवा आहेत, कार्ड घेऊन गेलेली सगळी मुलं वर्गात बसतात असंही नाही. तरीही दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या स्थलांतरासाठी आपल्याकडे कागद आहे, आणि वडगावहून रांजणगावला जाणाऱ्या मुलासाठी नाही, हे मला पटत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. वाळूज परिसरातल्या या शेजारी ग्रामपंचायती, त्यांच्या हद्दीतल्या सगळ्या शाळा (खासगीसुद्धा) आणि दोन्ही तालुक्यांच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका यांची महिन्याला एक संयुक्त बैठक व्हावी, आणि तिचं काम खोल्यांच्या यादीपासून सुरू व्हावं. दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय ग्रामपंचायत कायद्यात आधीपासून आहे. त्यासाठी नवा जीआर काढायची गरज नाही.

खोल्यांची यादी कशी करायची? शिक्षकांच्या मागे आणखी एक रजिस्टर लावा असं मी म्हणणार नाही. मतदार याद्यांचं (बीएलओचं) काम, पोषण आहाराचे हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून ते आधीच थकलेले आहेत. रूममालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते. तीच माहिती घेताना ग्रामपंचायतीने एक ओळ वाढवावी: घरात किती मुलं, वय काय, कोणत्या शाळेत किंवा अंगणवाडीत. खोली रिकामी झाली की मालकाने तेही कळवावं. त्याला नळ, लाइट आणि घराच्या नोंदीचा नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीच्या हद्दीत मिळतो, तेव्हा एवढं त्याच्याकडून मागायला हरकत नसावी. यात जात, आधार क्रमांक, मूळ गाव काही लिहू नये. परप्रांतीय हुडकायची यादी झाली तर माणसं माहिती द्यायचीच बंद होतील.

मुलींच्या बाबतीत ही यादी फार आधी लागणार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड आणि परभणी जिल्ह्यांत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर निघालं. त्याच जिल्ह्यांतली कुटुंबं इथं राहतात. सातवी-आठवीला जिल्हा परिषदेची शाळा संपते, हायस्कूल लांब पडतं, आणि दिवाळीनंतर मुलगी पटावरून गायब होते. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. मुलगी दिसेनाशी झाल्याचं सगळ्यात आधी वर्गशिक्षिकेला कळतं, पण कुटुंब शेजारच्या ग्रामपंचायतीत राहायला गेलेलं असलं तर ती कळवणार कुणाला? तिथल्या ग्रामसेवकाचा नंबरही तिच्याकडे नसतो.

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. प्रत्येकीने आपापल्या पैशातून शिलाई मशीन वाटण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक समुपदेशक आणि दोन पाळणाघरं चालवावीत. विद्यापीठ शहरातच आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी जागा हवीच असते. कंपन्यांच्या सामाजिक कामांच्या निधीचं (सीएसआरचं) वाटपही असंच सगळ्यांनी मिळून व्हावं. एका शाळेला दोन वर्षांत दोनदा बाकं मिळालेली मी पाहिली आहेत, आणि पलीकडच्या शाळेत मुलं फरशीवर. दोन्ही शाळा वेगवेगळ्या तालुक्यांत, म्हणून एकीची गरज दुसरीच्या यादीवर येतच नव्हती.

घरकुलाबद्दल थोडक्यात. हिंगोलीच्या कामगाराचं नाव घरकुल यादीत असलंच तर ते त्याच्या गावी असतं, इथं त्याला भाड्याचीच खोली लागणार. म्हणून नव्या चाळीला आणि प्लॉटिंगला नाहरकत देताना या संयुक्त बैठकीचं मत घ्यावं. शंभर खोल्या उभ्या राहणार असतील तर जवळच्या शाळेत वर्ग किती आणि अंगणवाडीत जागा किती, हे तिथं आधी विचारलं जावं. शहरालगतच्या सातारा-देवळाईत आधी घरं झाली. तो भाग पुढे महापालिकेत गेला, पण रस्ते, पाणी आणि शाळेसाठी मोकळी जागा यांची शोधाशोध सगळी नंतर. वाळूज परिसराचंही काही जण ‘महापालिकेत घ्या, सगळं सुटेल’ असं म्हणतात. हद्द एक झाल्याने दाखल्याचा घोळ कमी होईलही, पण चाळीत कोण राहतं हे महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाला तरी कोण सांगणार?

दोन्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर पहिली बैठक जूनमध्ये शाळा उघडायच्या आत होऊ शकते. जागेची अडचण नाही. सकाळची शाळा सुटल्यावर शनिवारी दुपारी इथल्या शाळा रिकाम्याच असतात. बोलावलंत तर खुर्च्या मांडायला आम्ही काही निवृत्त शिक्षक येऊ.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
बजाजनगर, वाळूज