उसगाळीमळच्या आरशाबद्दल आभार

फोंडा, गोवा

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळच्या कातळात कोरलेल्या चित्रांपाशी, आपण माझ्यासाठी दुपारचे दोन तास खर्च केलेत, घरी नेऊन पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर वाढलीत, आणि तरीही नाव विचारण्याचे साधे भान मला राहिले नाही. कबूल केल्याप्रमाणे छायाचित्राची मोठी प्रत मी नंतर पाठवली होती. पण ज्या दुकानात ती ठेवायला दिली, ते पुढे बंद झाले आणि प्रत कुठे गेली ते कोणालाच सांगता आले नाही. गेल्या डिसेंबरात मी स्वतः आलो, तेव्हा आपल्या दाराला कुलूप होते. म्हणून हे पत्र असे उघड लिहीत आहे. आपली शाळेत जाणारी नात ते वाचून दाखवील, अशी आशा आहे.

त्या दिवशीची पहिली चूक माझीच होती. कातळावरची चित्रे पाहायची तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावे, हे मी वाचले होते. पण केप्याला पाव-भाजीसाठी थांबलो, ओळखीचे एक गृहस्थ भेटले, गप्पा लांबल्या, आणि उसगाळीमळला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. सरकारी कागदांत फणसायमळ म्हणून नोंदलेली हीच जागा. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांच्या, म्हणजे कातळी पठारांच्या, जोडीला गोव्यातले हे एक ठिकाण आहे. तिकडची बहुतेक शिल्पे उघड्या माळावर आहेत, आपली मात्र नदीच्या अगदी कुशीत. पावसाळ्यात कुशावती फुगली की ती पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरल्यावर गाळातून पुन्हा वर येतात. शंभराहून अधिक आकृत्या तेथे आहेत, असे वाचून गेलो होतो. प्रत्यक्षात त्या तांबड्या-काळ्या जांभ्यावर मी पाऊण तास फिरलो आणि मला धड एक बैलसुद्धा दिसेना.

कारण आता कळते. मार्चमध्ये आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. उथळ खोदलेल्या रेषेच्या तळाला आणि काठाला सारखेच ऊन लागते, सावली पडत नाही, आणि सावली नाही तर रेषाही नाही. त्यात जांभा मुळातच सच्छिद्र आणि ठिपक्याठिपक्यांचा, त्यामुळे माणसाने कोरलेले कोणते आणि निसर्गाने झिजवलेले कोणते, हे उभ्या उन्हात डोळ्यालाही कळत नाही, मग कॅमेऱ्याला काय कळणार? इतरांच्या छायाचित्रांत त्या रेषा पांढऱ्याशुभ्र उठून दिसत, त्याचे गुपित मला माहीत होते. माझ्या पिशवीतही खडूची पेटी होती. चक्रव्यूहासारख्या त्या मोठ्या गोल आकृतीचा एक वळसा बोटांनी चाचपून मी खडू टेकवला, आणि त्याच वेळी काजूच्या बोंडूंची पाटी डोक्यावर घेऊन आपण पलीकडून आलात.

‘फातराक रंग कित्याक लायता रे?’, दगडाला रंग कशाला लावतोस, एवढेच आपण विचारलेत. आवाजात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते, आणि म्हणूनच मी अधिक ओशाळलो. पावसात धुऊन जाईल, असे काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर आपण पाटी खाली ठेवून मला थोड्या अंतरावर नेलेत आणि एक रेघ दाखवलीत, जी कोणीतरी खडू पुरला नाही म्हणून दगडानेच गिरवली होती. तो ओरखडा मूळ रेषेच्या शेजारून गेला होता, आणि तो कोणत्याही पावसात धुतला गेलेला नव्हता. खडूची पेटी मी निमूटपणे पिशवीत टाकली.

एवढ्यावर आपण निघून गेला असतात, तरी मी आपला ऋणी राहिलो असतो. पण आपण घरी जाऊन भिंतीवरचा आरसा आणि एक काळी छत्री घेऊन आलात. विहिरीत कळसो, म्हणजे कळशी, पडला की काठावर आरसा धरून ऊन आत सोडायचे आणि तो कुठे बसला आहे ते पाहायचे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होते; पाण्याच्या तळाचे जे दिसते, ते फातरावरचे का दिसू नये, असा आपला सरळ हिशेब होता. मी छत्री उघडून आकृतीवर सावली धरली, आपण आरसा जमिनीलगत तिरका धरलात, आणि उन्हाचा पट्टा कातळाला घासत गेला. रेषांच्या एका काठावर उजेड चढला, दुसऱ्या काठावर सावली उतरली, आणि तो गोल एकामागून एक वळसे घेत उमटत गेला. मी कॅमेरा विसरून नुसता पाहत राहिलो, याची आठवण आपणच मला करून दिलीत.

मग एक अडचण निघाली. उजेड ज्या दिशेने येतो, त्या दिशेला समांतर असलेल्या रेषा लपतात, आडव्या तेवढ्या दिसतात. त्यामुळे गोलाचा काही भाग उठे आणि काही भाग पुसल्यासारखा होई. आरसा गोलाभोवती फिरवत, एकेका बाजूने छायाचित्र घेत गेलो, तेव्हा आठव्या छायाचित्रापर्यंत आकृती सगळी हाती आली. कॅमेरा तिपाईवर ठेवून हलू दिला नव्हता, म्हणून घरी ती आठही छायाचित्रे एकमेकांवर बेतता आली. अंगचा फ्लॅश समोरून मारला असता, तर माध्यान्हीच्या उन्हाने जे केले तेच त्यानेही केले असते. शिलालेख वाचणारे अभ्यासक असाच तिरका उजेड वापरतात, हे मला नंतर वाचनात आले. पण माझ्यापुरती ती विद्या आपल्या विहिरीवरून आलेली आहे.

आता थोडे माझ्याविषयी, कारण आभार कशाचे ते त्याशिवाय पुरते कळणार नाही. मी बारा-तेरा वर्षे छायाचित्रे काढतो, आणि त्यांतल्या बऱ्याच छायाचित्रांत मी खडूच लावत आलो होतो. पावसाळ्यात चोर्ला घाटात रात्री बेडूक शोधायला जाणाऱ्यांच्या टोळक्यात मीही असे. बेडूक अडचणीच्या जागी बसला असेल तर त्याला उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणे आम्हाला गैर वाटत नसे. चोडणच्या डॉ. सालिम अली अभयारण्यात पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच साद वाजवणारे पाहिले आहेत, आणि एकदोनदा तो मोबाइल माझा होता. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत तर मी एका घराच्या सोप्यावरची खुर्ची आणि झाडाची कुंडी, पिवळ्या भिंतीपुढे शोभतील अशा, स्वतःच्या हाताने सरकवल्या होत्या. तेथील रहिवाशांनी दारांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या लावल्या, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज त्या पाट्यांत माझाही वाटा आहे, हे मान्य करतो.

आपल्याकडून परतल्यावर मी वस्तू हलवणे सोडले आणि स्वतः हलू लागलो. फोंताइन्हासमध्ये आता सकाळी सातच्या सुमारास जातो. ऊन गल्लीत तिरके शिरते, चुन्याच्या रंगाचे पोपडे, खिडक्यांच्या चौकटींची नक्षी आणि कौलांच्या वळचणीची सावली भिंतीवर आपोआप लिहिली जाते, आणि दारात कोणी उभे असेल तर आधी नमस्कार करून परवानगी मागतो. नाही म्हटले तर पुढे जातो. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिका, तिथले प्रसिद्ध चर्च, तर मी नव्यानेच पाहिली. तिचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकल्यामुळे उघडा पडलेला जांभा दुपारी नुसता तांबडा ठोकळा दिसतो, पण उजेड कडेने आला की एकेका चिऱ्याची झीज मोजता येते. दगड तोच, आपल्या कातळाचा सगोत्र. बेडकांची छायाचित्रे मात्र आता पूर्वीइतकी बरी येत नाहीत, कारण ते नेहमी चुकीच्याच पानावर बसतात.

एक हिशेब राहिला आहे. पाचव्या की सहाव्या छायाचित्राच्या वेळी आरसा फिरवताना माझ्या हातून तो कातळावर आपटला आणि त्याचा एक कोपरा उडाला. मी भरपाईचे बोलू लागलो, तेव्हा आपण हसून ‘कळसो सोदपाक पुरो’, कळशी शोधायला पुरे, म्हणालात आणि आरसा पदराने पुसून घेतलात. मडगावच्या बाजारातून मी एक आरसा घेऊन ठेवला आहे, तेवढ्याच मापाचा, लाकडी चौकटीचा. छायाचित्राची दुसरी प्रतही तयार आहे. पावसाळा संपून नदी खाली गेली की नोव्हेंबरात दोन्ही घेऊन येईन, या वेळी सकाळी लवकर. आणि दाराला कुलूप असले, तर संध्याकाळपर्यंत कातळावर बसेन.

आपला नम्र,
खडू पिशवीत टाकलेला फोंड्याचा छायाचित्रकार