पाकिटावरचा पत्ता वाचून आतल्या पत्रावर बंदी

संपादक महोदय,

सणासुदीला किंवा निवडणुकीच्या तोंडावर एखादी पोस्ट फिरते, माणसे जमतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते : 'समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकूर बंद करा, पोलिसांना निवेदन'. निवेदनावर सह्या भरपूर असतात, पण नेमका कुठला मजकूर, त्याची लिंक मात्र नसते. 'अमुक नावाचे पेज' एवढेच लिहिलेले, आणि सोबत स्क्रीनशॉटची काळपट झेरॉक्स. अशा कागदावर कारवाई एक तर होत नाही, नाहीतर भलत्यावरच होते. हे असे का घडते, ते समजून घ्यायला हवे.

आज जवळपास प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर, चालते. त्यामुळे तुमच्या इंटरनेटवाल्याला, मग तो मोबाइल कंपनी असो की वाड्यावर फायबर ओढणारा केबलवाला, तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढे कळते. तिथे कुठले पान उघडले ते कळत नाही. साइटचे नाव दोन ठिकाणी उघडे पडते : आधी डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, पत्ता विचारताना आणि मग जोडणी सुरू होताना, ज्याला एसएनआय म्हणतात. नावापुढची तिरकी रेघ आली की पुढचे सगळे कुलूपबंद. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही, तसाच हा प्रकार. या माणसाला 'अमक्या साइटवरचे एकच पान अडवा' असा हुकूम दिला तर त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात. काहीच अडवायचे नाही, किंवा अख्खी साइट अडवायची.

अख्खी साइट अडवण्याची खोड जुनी आहे. 2003 मध्ये मेघालयाशी संबंधित एका लहानशा याहू गटाला बंदी झाली आणि देशभरच्या इंटरनेट कंपन्यांनी याहू ग्रुप्सच बंद केले. जुलै 2006 मध्ये मोजक्या पानांची यादी गेली, तर ब्लॉगस्पॉट आणि जिओसिटीज या अख्ख्या साइट बसल्या. तेव्हा पाने उघडी दिसत होती, तरीही अख्ख्या वाड्याला कुलूप लावणे सोपे वाटले. 2012 मध्ये चित्रपटांच्या चोरीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अडवायचा तो चोरीचा नेमका दुवा, पूर्ण साइट नव्हे. निर्णय चांगलाच होता, पण एचटीटीपीएस आल्यावर इंटरनेटवाल्याला तो पाळणे शक्य राहिले नाही. डिसेंबर 2014 च्या 32 साइटच्या यादीत तर प्रोग्रामर आपले कोड ठेवतात ते गिटहब, व्हिडिओंचे व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्ह होते. एका बाजूला दहशतवादी प्रचार, दुसऱ्या बाजूला देशभरच्या प्रोग्रामरांची रोजीरोटी. दोन्ही एकाच ओळीत.

व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरची गोष्ट अजून ताजी आहे. फेब्रुवारी 2022 पासून त्याची अधिकृत साइट भारतात उघडेना. बनवणाऱ्यांना ना नोटीस, ना आदेशाची प्रत. त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये ती सुटली. मधल्या काळात प्लेअर चालत होताच, फक्त तो मिळवायची खरी जागा बंद होती. अशा वेळी माणूस शोधात वर आलेल्या कुठल्यातरी साइटवरून तो उतरवतो आणि सोबत नको ते घेऊन येतो. बंदी सुरक्षेसाठी असेल, तर तिने लोकांना नकली दुकानाकडे वळवले.

अडवण्याचे काम देशाच्या सीमेत राहील याचीही खात्री नसते. 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तानात यूट्यूब अडवण्याच्या हुकमाची अंमलबजावणी सुरू झाली. यूट्यूब आपले पत्ते 1,024 च्या एका गठ्ठ्याने जगाला सांगत होते : 208.65.152.0/22. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच 256 पत्त्यांचा तुकडा, 208.65.153.0/24, 'हा माझ्याकडे आहे' असे जाहीर केले. हेतू एवढाच की देशातली मागणी आपल्याकडे यावी आणि तिथेच विरून जावी. पण ती घोषणा घराबाहेर गेली, आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या कंपनीने न तपासता ती पुढे पसरवली. इंटरनेटचा नियम असा की जास्त नेमका पत्ता सांगेल त्याचे ऐकायचे. एकाने 'बार्देश तालुक्याची पत्रे माझ्याकडे द्या' म्हटले आणि दुसऱ्याने त्याच तालुक्यातल्या 'आसगावची माझ्याकडे' म्हटले, तर आसगावचे पत्र दुसऱ्याकडे जाणार. जगभरातून यूट्यूबकडे निघालेली मागणी पाकिस्तानात जाऊन पडू लागली. सव्वा तासाहून अधिक वेळाने यूट्यूबने आपणही तेच 256 पत्ते जाहीर केले, मग 128-128 चे आणखी नेमके तुकडे पाडले. शेवटी पीसीसीडब्ल्यूने ती जोडणी मागे घेतली, तेव्हा दोन तास उलटून गेले होते. एका देशाच्या हुकमाने सगळ्या जगाचे यूट्यूब बसले, आणि कारण काय, तर एक घोषणा कुंपणाबाहेर सांडली.

म्हणजे एकच पान उतरवायचे, तर किल्ली साइट चालवणाऱ्या कंपनीकडे. तिथे माणूस बसलेला असेल ही समजूतही सोडून द्यावी. पहिली चाळणी यंत्राची असते, आणि तेही बऱ्याचदा पाकीटच वाचते. मार्च 2021 मध्ये फेसबुकने फ्रान्समधल्या बिच या गावाचे अधिकृत पान उडवले. गावाच्या नावाचे स्पेलिंग इंग्रजीतल्या एका शिवीसारखे दिसते, एवढाच गुन्हा. नगरपालिकेने 'मेरी 57230' अशा नावाने, म्हणजे पिनकोड लावून, वेगळे पान काढले. जुने पान परत मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. यात गोमंतकीयाने हसण्यासारखे काही नाही. आसगाव, अस्नोडा, असोळणे यांची रोमन स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची आहेत. त्या भाषेत दोन स्वरांमध्ये एकटा एस आला की त्याचा उच्चार झ होतो, म्हणून 'स' साठी डबल एस. परिणामी तिन्ही गावांची पहिली तीन अक्षरे इंग्रजी यंत्राला काय वाटतील ते वेगळे सांगायला नको. कुंभारजुव्याची पहिली तीन तर त्याहून वाईट. आडनाव दीक्षित असेल आणि स्पेलिंगमध्ये एक्स नसेल, तर अनेक ऑनलाइन फॉर्म ते नाव घेत नाहीत. उद्या आसगावच्या पंचायतीनेही पिनकोडाच्या नावानेच पान काढायचे काय?

शिव्यांच्या यादीशी अक्षरे जुळवण्याची ही पद्धत फसते हे 1996 पासून ठाऊक आहे, जेव्हा एओएल या इंटरनेट कंपनीने इंग्लंडमधल्या, नावाच्या स्पेलिंगमध्ये शिवी दडलेल्या स्कनथॉर्पच्या रहिवाशांना खाते उघडू दिले नव्हते. पंचवीस वर्षांनीही तीच चूक, फक्त कंपनी मोठी.

अक्षरांपलीकडे अर्थ लावायला गेले तरी आपल्या भाषांची पंचाईत आहेच. मराठीत आपण हाक मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, बाजीही मारतो. यातल्या एकाही ठिकाणी कोणाच्या केसाला धक्का लागत नाही. दिवाळीच्या पहाटे 'चारला या, नरकासुर जाळूया' असा निरोप पणजीपासून पेडण्यापर्यंत गटागटांतून फिरतो. गोव्याबाहेरच्या माणसाने किंवा यंत्राने तो कसा वाचायचा? त्यात आपल्याकडे एकच माणूस एका वाक्यात मराठी, देवनागरी कोकणी, रोमी कोकणी आणि इंग्रजी कालवतो. ही कुठली भाषा, हेच यंत्राला ठरवता येत नाही, मग अर्थ दूरच. जानेवारी 2020 मध्ये फेसबुकच्या बर्मी-इंग्रजी भाषांतराने शी जिनपिंग यांच्या नावाच्या जागी गलिच्छ शब्द बसवला. खुलासा असा की बर्मी शब्दसाठ्यात ते नाव नव्हते, म्हणून यंत्राने अंदाज केला. 2017 मध्ये त्याच कंपनीच्या भाषांतराने एका पॅलेस्टिनी मजुराच्या अरबीतल्या 'सुप्रभात' चे हिब्रूत 'त्यांच्यावर हल्ला करा' असे केले, आणि इस्रायली पोलिसांनी त्याला उचलले. अरबीचा मजकूर इंटरनेटवर ढिगाने आहे, तरी ही गत. कोकणी गुगलच्या भाषांतरात आली तीच मे 2022 मध्ये.

आता कायदा. मजकूर अडवण्याचे दोन सरकारी रस्ते आहेत, आणि बातम्यांत त्यांची सर्रास खिचडी होते. पहिला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69अ. त्याची कारणे ठरलेली आहेत : देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी त्यात नाही, अश्लीलता नाही. सरपंचाची टिंगल तर नाहीच नाही. 2009 च्या नियमांनुसार विनंती नोडल, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्यामार्फत जाते, समिती ती तपासते आणि मजकूर लिहिणाऱ्याला किंवा कंपनीला म्हणणे मांडायला किमान 48 तास मिळतात. तातडीच्या वेळी आधी अडवता येते, पण 48 तासांत प्रकरण समितीपुढे आणावेच लागते. 24 मार्च 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'आक्षेपार्ह' ऑनलाइन संदेश हा गुन्हा ठरवणारे 66अ रद्द केले, पण 69अ टिकवले. ते टिकले ते याच बंधनांमुळे. कारणे लेखी असतात आणि ती रिट याचिकेत तपासता येतात, असे न्यायालय म्हणाले. दुखणे नियम 16 मध्ये आहे, तो सगळा व्यवहार गुप्त ठेवायला सांगतो. लेखी कारण कपाटात, आणि ज्याचे पान गेले तो रिट कशाच्या आधारावर करणार?

दुसरा रस्ता कलम 79(3)(ब) आणि त्यावर उभे केलेले केंद्राचे 'सहयोग' पोर्टल. इथे अधिकारी कंपनीला 'हा मजकूर बेकायदा आहे' असे कळवतो. कंपनीने तो काढला नाही तर इतरांच्या मजकुराबद्दल तिला असलेले कायदेशीर संरक्षण जाऊ शकते, म्हणून ती वाद घालण्यापेक्षा काढून मोकळी होते. एक्स या कंपनीने याला आव्हान दिले होते, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळले. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियम थोडे आवळले : असे पत्र सहसचिव दर्जाच्या, किंवा पोलिसांकडून विशेष अधिकार दिलेल्या उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच पाठवायचे, त्यात कलम, कारण आणि नेमकी लिंक द्यायची, आणि महिन्यातून एकदा वरून आढावा घ्यायचा. सुधारणा योग्य आहे. पण 48 तासांची सुनावणी या रस्त्यावर अजून नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच.

त्यामुळे पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाने कंपनीला 'पेज बंद करा' असे लिहावे ही मागणीच मुळात चुकीच्या खिडकीवर आहे. त्याने तक्रार नोंदवावी, तपास करावा आणि प्रस्ताव वर पाठवावा. काही निवेदनांत आजही 66अ खाली गुन्हा दाखल करा असे लिहिलेले असते. रद्द झालेले कलम वापरू नका, असे ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले होते.

तक्रार करायचीच असेल तर नीट करावी. पोस्टची स्वतःची लिंक घ्यावी : फेसबुकवर पोस्टच्या वेळेवर टिचकी मारली की ती उघडते, इन्स्टाग्रामवर तीन टिंबांखाली 'कॉपी लिंक' असते, यूट्यूबच्या लिंकमध्ये 11 अक्षरांची ओळख असते. पेजचे नाव पुरत नाही, कारण नाव बदलता येते. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्यावा आणि मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, बदलतो. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तोच हॅश लिहावा लागतो, भाग अ तुमचा आणि भाग ब तज्ज्ञाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डला लिंकच नसते. तिथे गट किंवा माणूस 'रिपोर्ट' केला तर त्या गटातले किंवा माणसाकडून आलेले शेवटचे पाच संदेशच कंपनीकडे जातात, म्हणून महिन्यापूर्वीचा निरोप त्यात बहुधा येत नाही.

उलट बाजूने, तुमचेच पान चुकून गेले असेल तर अ‍ॅपमधले 'अपील' बटण दाबून थांबू नका. ती कंपनीची अंतर्गत सोय आहे. कायद्यातली तक्रार वेगळी, ती कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याचे नाव-संपर्क साइटवर देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. ती सांभाळावी. उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आलेच नाही, तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. अशा तीन समित्या केंद्राने जानेवारी 2023 मध्ये नेमल्या. तक्रार अधिकाऱ्याकडे गेलेच नसाल, फक्त बटण दाबले असेल, तर अपील तिथे अडू शकते. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरीचे खंडपीठ आहेच. सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या, केंद्राच्या सत्यता तपासणी कक्षाचा नियम सप्टेंबर 2024 मध्ये रद्द ठरवला तो याच न्यायालयाने.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती. 'पेज ब्लॉक झाले' अशी बातमी देताना तीन गोष्टी विचारून छापाव्यात : आदेश कुठल्या कलमाखाली, काढले कोणी, इंटरनेटवाल्याने की कंपनीने, आणि मजकूर लिहिणाऱ्याला नोटीस गेली होती का. अधिकारी उत्तर देत नसेल, तर 'उत्तर दिले नाही' हेही छापावे.

आपला,
एक वाचक, म्हापसा