फुल बाह्यांचा शर्ट

बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया,
आषाढीआधीचा रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, जूनमध्ये नागपुरात कुणी फुल बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून घरात व्हिडिओ कॉलला बसतं का? मागे कूलर घरघरतोय, आई पदरानं वारा घेतेय आणि तुम्ही जसे काही बँकेत निघालेले. मला तेव्हाच खटकलं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक. परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काकांना फिरायला जायला कधीपासून सांगितलंय?" दोन मिनिटांत मेसेज डिलीटही झाला, पण मला तेवढी दोन मिनिटं पुरली. दादाला फोन लावला. आधी उडवाउडवी केली, मग बोलला. तुमच्या हृदयात स्टेंट. मनगटातून नळी घातली म्हणून तिथे काळानिळा डाग, आणि डाग दिसू नये म्हणून ती बाही. तीन आठवडे लपवलंत, मी इथे बास्केटबॉल खेळतेय म्हणून!

"तुझी मॅच होती ना बेटा," एवढंच म्हणाल तुम्ही, मला माहीत आहे.

भांडायला म्हणूनच लिहायला बसले होते. पण कागद धरायला डावा हात पुढे घेतला आणि गप्प झाले. त्या कॉलवर माझा डावा हात तुम्हाला दिसला होता का? आठवून बघा. तो टेबलाखाली होता.

करंगळीशेजारचं बोट निखळलं होतं. पास पकडताना बॉल बोटाच्या टोकावर आला. खाली बघितलं तर बोट भलत्याच दिशेला. फिजिओनं "तुमच्याकडे आता उन्हाळा असेल ना?" असं विचारत विचारत ओढून जागेवर बसवलं. मग शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधून टाकलं. दोन मॅच बाहेर होते. तुम्हाला सांगितलं, कोचनं विश्रांती दिलीय. आई, तू म्हणालीस, "किती चांगला आहे गं तुमचा कोच." त्या रात्री मला झोप आली नाही. आता बरं आहे, बांधून खेळते. फक्त अंगठी जाणार नाही, पेर जाड झालंय. तेव्हा तुझ्या मनातला तो विषय आणखी वर्षभर पुढे ढकल.

बाहेर बसायची भीती का वाटते, तेही सांगते. इथे परदेशी खेळाडूला 'इम्पोर्ट' म्हणतात, खारीक-बदामासारखं. टीममध्ये अशा जागा मोजक्याच. टीममधल्या मुलींनी आठ पॉइंट केले तर टाळ्या, मी आठ केले तर लोक विचारतात, बरं नाहीये का? घर आणि गाडी क्लबची, पैसे आठवड्याच्या आठवड्याला, आणि सीझन संपला की तेही बंद. तिकडे बिनपगारी रजा सप्टेंबरअखेर संपते. हे सगळं कॉलवर कुठे सांगायचं, म्हणून मी तुम्हाला तळं दाखवत बसते.

ते तळं मात्र खरंच सुंदर आहे. वेंडूरी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची नौकानयनाची शर्यत तिथेच झाली होती. भोवती सहा किलोमीटरचा रस्ता आणि पाण्यात काळे हंस. पण मी तिथे रोज का असते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. सकाळी सहाला जिम, आठला घरी, आणि मग संध्याकाळपर्यंत काहीच नाही. टीममधली एक नर्स आहे, एक शाळेत शिकवते, एकीचं कॉलेज चालू आहे. सगळ्या दिवसभर कामावर. नुसतं खेळणं हेच काम असलेली मी एकटी. दुपारी दीड वाजता घरात इतकी शांतता असते की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. मग जाते तळ्यावर. चारला बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवायचं असतं, तेव्हा कुठे दिवस सुरू होतो. त्यांना मी 'हात वर!' मराठीतच ओरडून शिकवलंय. आता त्या एकमेकींवर तसंच ओरडतात.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, ही लीग म्हणजे रणजी की गल्ली? मधलंच काहीतरी. वरची लीग उन्हाळ्यात असते, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर. त्यातल्या बऱ्याच जणी हिवाळ्यात आमच्या लीगमध्ये उतरतात, त्यामुळे एखाद्या शनिवारी समोर ऑलिम्पिक खेळलेली बाई उभी असू शकते. लॉरेन जॅक्सन, अमेरिकेच्या लीगची तीनदा सर्वोत्तम खेळाडू, गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झालेली. २०२२ मध्ये ती आल्बरीच्या क्लबकडून याच दर्जाच्या लीगमध्ये परतली आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपच्या ब्राँझच्या मॅचमध्ये ४१ व्या वर्षी ३० पॉइंट केले. आपल्या भारतीय संघाच्या गीतू ॲना जोझही याच राज्यात, रिंगवूडला खेळून गेल्या. तेव्हा गल्ली म्हणू नका. मी इंडियात पोस्टला, म्हणजे बास्केटजवळ, खेळायचे, इथे सहा फुटी मुलीला कुणी उंच म्हणत नाही. बाहेरून शूट करायला शिकतेय, या वयात. आजी मला उंटीण म्हणायची, तिला हे सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात माउंट गॅम्बिअरला मॅच होती, बसनं चार तास. मध्ये राज्याची हद्द लागते आणि घड्याळ अर्धा तास मागे जातं. म्हणजे तुमच्यात आणि माझ्यात साडेचारच्या ऐवजी चारच तासांचं अंतर. मला उगाच बरं वाटलं. हरलो. परतताना सगळ्या झोपलेल्या, खिडकीवर दव, आणि मी फोनवर बारशाचा व्हिडिओ परत बघत होते. आई, तू पाळण्यापेक्षा पंखाच जास्त दाखवला आहेस. आता हिशेब केला तर बाबा तेव्हा दवाखान्यात होते. आत्या "दादा कुठेय?" म्हणून विचारते आणि तू मध्येच व्हिडिओ थांबवतेस. मी तो चार वेळा बघितला, तरी कळलं नाही मला.

पुढच्या सीझनचं क्लबनं विचारलंय. उत्तर दिलेलं नाही. स्टेंटमुळे परत आले तर बाबा, तुम्ही मला उभं करणार नाही, आणि स्टेंट असताना इथे राहिले तर मला झोप लागणार नाही. ऑगस्टअखेर घरी येतेच आहे, समोरासमोर बसून ठरवू. तोवर डिस्चार्जचा कागद आणि औषधांची चिठ्ठी यांचे फोटो पाठवा. आईनं काढायचे, बाबा अर्धा कागद कापतात. बुधवारी एकादशी आहे, पण साबुदाण्याच्या खिचडीचा दुसरा घास... नाही, पहिलाही नको. डॉक्टरांना विचारून काय ते.

पुढच्या रविवारी दुपारी चारला फोन करते, माझे साडेआठ. बाबा, हाफ शर्ट घालून बसा. मी डावा हात टेबलावर ठेवीन.

तुमची,
उंटीण